बिनमिठाची ताटली

विंडवर्ड, कॅरिआकू
९ एप्रिल १९६८

चि. आल्बन यास अ. उ. आ.

बाबा पुन्हा स्वप्नात आले. स्वयंपाकघराच्या दारात रिकामी ताटली घेऊन उभे होते. रागाने ती टेबलावर आपटली, आणि त्यांचं आपटणं कसं असतं ते तुला ठाऊक आहे. त्यांच्या थडग्याचा दगड अजून मागच्या खोलीत आडवा पडलाय. सगळी मुलं जमल्याशिवाय तो उभा करता येत नाही, आणि सगळी म्हणजे तू आणि मी. मी एकटी काय करू?

तू आणि तुझी बायको मर्ल नवी होडी घेऊन बेटं पालथी घालताय, हे टपालाच्या होडीवरचा जोनाह सांगतो. बेक्वेला काय खाल्लंत, मेरोच्या वाळूत किती लोळलात, सगळं गावाला पाठ आहे. आपलं बेट तेवढं तुमच्या वाटेत येत नाही. बाबांना पुरलं तेव्हा तू आरूबाला कामावर होतास, तार मिळूनही आला नाहीस. गाव आता त्यावर बोलत नाही. मी बोलते, कारण तुला बोलणारं दुसरं आहे कोण?

तर २७ तारखेच्या शनिवारी दगड उभा करायचा. कोंबडी, तूर, मक्याच्या पिठाचं घट्ट शिजवलेलं कुकू सगळं होईल. पहिली ताटली बाबांची, दार उघडं ठेवून. गेलेल्यांना मीठ चालत नाही, म्हणून मिठाचा डबा आधीच वरच्या फळीवर ठेवणार आहे, माझा हात सवयीचा आहे. सेंट बार्ट्सहून बाटल्याही येताहेत. कशा येताहेत ते उत्तरात विचारू नकोस.

आईला आता दिसत नाही. तरी धक्क्याकडे तोंड करून बसते. ये रे आता.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी ताई,
एल्विना


क्लिफ्टन, युनियन बेट
२८ एप्रिल १९६८

ती. ताईस सा. न. वि. वि.

आलो होतो. तुला माहीतच आहे, तरी लिहितो.

काल दुपारी आमचं शीड दिसलं तशी गावाची दारं धडाधड बंद झाली. नांगर टाकला तर दोर धरायला धक्क्यावर चिटपाखरू नाही. घरोघरी चुलींचा धूर आणि माणूस एक नाही. मी काय समजायचं ते समजलो. वर घरापर्यंत यायला मी धजलो नाही. हाक मारायला गेलो तर खोकल्याशिवाय तोंडातून काही निघेना. मर्ल तेवढी आपल्या घरात जाऊन आली. बराच वेळ लावला तिने, मग म्हणाली, कोणी नाही.

बाबांच्या मातीला आलो नाही, हे माझं पाप आहेच. ते मला रोज खातं. पण त्यासाठी जेवायला बोलावून गावासमोर पाठ फिरवायची गरज नव्हती, ताई. चार शिव्या दिल्या असत्यास तर मुकाट खाल्ल्या असत्या. दगड तुम्ही उभा करून घ्या. मी नाही असं समजा.

आईला नमस्कार, तिला चालत असेल तर.
आल्बन


विंडवर्ड
४ मे १९६८

चि. आल्बन यास अ. आ.

अरे गाढवा, होडीला करडा रंग कोणी दिला? आपल्या पाण्यात करडी होडी एकच, जकातवाल्यांची, हे तू विसरलास? टेकडीवरून पोरांनी आरोळी ठोकली, बाटल्या नुकत्याच उतरत होत्या. ज्याला जे सापडलं ते घेऊन तो तिवरांत पळाला. आईला खुर्चीसकट उचलून नेलं, तिच्या झग्याखाली दोन बाटल्या.

आता खरं ते लिहिते. चिखलात, डास खात बसलो होतो. धक्क्यावर कोणी खोकलं. आई म्हणाली, हा माझ्या आल्बनचा खोकला. आणि मी तिच्या तोंडावर हात ठेवला. तुझी होडी वळेपर्यंत काढला नाही. तुझं पत्र वाचलं तेव्हापासून तो हात मला माझा वाटत नाही.

एकच बरं झालं. परत आलो तर बाबांची ताटली स्वच्छ. सगळं गाव बघायला लोटलं. आईने ताटलीवरून बोट फिरवलं, जिभेला लावलं आणि रडायलाच लागली. बाबा जेवून गेले रे. राग गेला त्यांचा. दगड अजून आडवाच आहे, तुझ्यासाठी. ये, पण आधी होडी रंगव.

रागावलास तरी आमचाच राहा.
एल्विना


क्लिफ्टन
१२ मे १९६८

ती. एल्विनाताईंना सा. न. वि. वि.

हे पत्र ह्यांच्या नकळत लिहिते आहे. वाचून चुलीत घाला.

ताई, ती ताटली मी खाल्ली. सकाळपासून होडी लागून पोटात काही ठरलं नव्हतं. दार उघडं, टेबलावर पांढरं कापड, एकच वाढलेली ताटली. वाटलं, आमच्यासाठी ठेवून तुम्ही विहिरीवर गेला असाल. आमच्या किंग्सटाउनात ही रीत नाही आणि ह्यांनी कधी सांगितली नाही. अळणी लागलं म्हणून फळीवरचा डबा काढून वर मीठसुद्धा घातलं. ह्यांना सांगितलं नाही, कारण हे धक्क्यावर मान खाली घालून उभे आणि मी आत जेवत होते, याची लाज वाटली.

तुमचं पत्र ह्यांनी मोठ्याने वाचलं. बाबा जेवले, या ओळीला रडले. लग्नापासून मी यांना रडताना पाहिलं नव्हतं. आता होडीला लाल रंग देत गात असतात. मी समोर बसून ब्रश धुते आणि मान वर करवत नाही. खरं सांगितलं तर ह्यांचे बाबा यांच्यापासून पुन्हा काढून घेतल्यासारखं होईल, आणि आईंपासूनही. मी येऊ नये असं वाटत असेल तर यांना एकट्याला पाठवते. तुम्ही म्हणाल तसं.

क्षमा मागायला तोंड नाही, तरी मागते.
मर्ल


विंडवर्ड
२० मे १९६८

चि. सौ. मर्ल हिस अ. उ. आ.

ताटली बाबांनी खाल्ली नाही, हे मला माहीत होतं. डबा टेबलावर होता, झाकण उघडं. गाव आत येण्याआधी मीच तो फळीवर ठेवला. बाबा जेवले असं सगळे म्हणाले, मीही म्हटलं. पुढे आल्बनचं पत्र आलं, वर घरी आलोच नाही म्हणतो ते खोटं वाटलं आणि मनात धरलं की त्यानेच खाल्लं, रीत ठाऊक असून, आम्हाला खिजवायला. वर गोड गोड पत्र लिहिलं आणि आत त्याला शिव्या देत राहिले. तेव्हा क्षमेचा हिशोब तुझ्या एकटीचा नाही.

तुझं पत्र चुलीत घालत होते, तर आईने विचारलं, कोणाचं? मी म्हटलं, मर्लचं, खुशाली आहे. ती हसली. म्हणाली, मीठ पोरीने घातलं की पोराने? मी म्हटलं, तुला कसं गं कळलं? म्हणाली, जिभेला मीठ लागलं तेव्हाच कळलं, जिवंत माणूस येऊन गेलं, माझा आल्बन उपाशी येऊन पोटभर जेवून गेला, म्हणून रडले. मी विचारलं, मग इतके दिवस बोलली का नाहीस? तर म्हणाली, तू तोंडावर हात ठेवला होतास ना, मग म्हटलं गप्पच बसावं.

मी खूप रडले, मर्ल. तिने माझाच हात ओढून घेतला आणि आपल्या गालाला लावून ठेवला.

आल्बनला तूच सांग, आणि आईचं बोलणंही सांग. १ जूनच्या शनिवारी दोघं या. ती धक्क्यावरच बसणार आहे, तिवरांत न्यायला कोणी आलं तर चावेन म्हणते. आणि तुला निरोप आहे: दगड उभा झाला की उघड्या दारात दोन ताटल्या वाढायच्या. एक बिनमिठाची, आणि दुसरी सुनेची.

वाट बघणारी,
एल्विना