जंतूवाली रताळी

अकोला, २९ जानेवारी २०२६

चि. दामिनीस, आत्याचे पोटभर आशीर्वाद.

आमी सारे खुशाल आहोत, फक्त तुह्यावर नाराज आहोत. फोनवर मी भांडते, तू हसते, अन् सांगाचं राहूनच जाते. म्हणून लिहून राहिली.

कॉलेजात तू दिलेल्या भाषणाचा तुकडा कोणीतरी मोबाइलवर फिरवला. रताळ्यात जंतूचा अंश आहे, इतकंच त्यात तू म्हणते. पुढचं कापलं. आता बाजारात बाया आमचं रताळं हातात घेतात अन् परत ठेवतात. जंतूवालं उपासाले चालते का, म्हणून विचारतात. महाशिवरात्र पंधरा तारखेले आहे. तिच्याचसाठी तर सारं लावलं होतं.

तुले माहीत नसन, यंदा रताळ्याचं आमच्या सुनेनं, पौर्णिमानं डोक्यात घेतलं. या घरात आल्यापासून तिनं पहिल्यांदा काही मागितलं, मळ्याचा एक तुकडा. तुहे मामाजी, म्हणजे आमचे हे, वांग्याशिवाय दुसरं ऐकाले तयार नव्हते, धर्मेंद्र बायकोच्या बाजूनं उभा राहिला तवा कबूल झाले. वेल तिनं लावले, पाणी तिनं दिलं. आता मामाजी जेवता जेवता म्हणतात की वांगी असती तर जंतू कोणी विचारले नसते. पोरगी मान खाली घालून वाढते. मले ते पाहवत नाही.

तवा खरं काय ते सांग. खोटा धीर नको. आहे का जंतू?

माया आहे, रागही आहे, दोन्ही ठेवून घे.
तुही आत्या,
पार्वताबाई

●

अमरावती, २ फेब्रुवारी २०२६

ती. सौ. आत्यास, दामिनीचा शि. सा. न. वि. वि.

तुझा राग पोचला, आणि माया शोधावी लागली तरी तीही सापडली. तो तुकडा काढून टाकायला मी सांगितलं, पण तोवर तो धामणगावच्या मावशीपर्यंत जाऊन आला होता. अख्खं भाषणही टाकलं आहे. ते मात्र कोणी बघत नाही.

खरं सांगते. मातीत एक जिवाणू असतो. झाडाला जखम झाली की तो आत शिरतो आणि स्वतःचे थोडे जनुक झाडाच्या पेशीत सोडतो. जनुक म्हणजे जीव कसा घडावा याची पेशीतली सूचना. बहुतेक वेळा झाडाला नुसती गाठ येते. पण हजारो वर्षांपूर्वी, रताळी आपल्या देशात येण्याच्या कितीतरी आधी, रताळ्याच्या एका पूर्वजात ते जनुक कायमचे मुक्कामाला राहिले आणि वेलामागून वेलात उतरले. जिवाणू तेव्हाच गेला, त्याची देणगी राहिली. ती फक्त पौर्णिमावहिनीच्या रताळ्यांत नाही, बाजारातल्या सगळ्याच रताळ्यांत आहे. माणसं ती पिढ्यान् पिढ्या खात आली आहेत. त्या देणगीमुळे कंद चांगला झाला असं काहींना वाटतं, पण ते अजून सिद्ध झालेलं नाही, म्हणून मीही म्हणत नाही.

मामाजींना सांग, वांगीही काही साधी नाहीत. त्यांच्यावर बसणाऱ्या पांढऱ्या माशीनं कधीकाळी एका झाडाचाच जनुक उचलला आणि आता त्याच्याच जोरावर ती झाडांचं विष पचवते. एका जातीचं दुसऱ्या जातीत असं फार पूर्वीपासून जात आलं आहे. सृष्टी नुसती आईबापांच्याच देण्यावर घडली नाही.

परीक्षा चालू आहेत, मला येता येत नाही याचं वाईट वाटतं. वहिनीला माझ्यातर्फे जवळ घे. ओरडायचं असेल तर मला ओरड, पण लिहीत राहा.
तुझी,
दामिनी

●

अकोला, १६ फेब्रुवारी २०२६

चि. दामिनीस, आत्याचे आशीर्वाद, यावेळी बिनरागाचे.

तुहं पत्र मी घरात मोठ्यानं वाचलं. पांढऱ्या माशीचं ऐकून मामाजी उठून हात धुवाले गेले. पौर्णिमानं पत्र मागून घेतलं अन् पुन्हा वाचलं. दुसऱ्या दिवशी तिनं टोपली भरली अन् माह्यासोबत बाजारात आली. आजवर ती कधी विकाले बसली नव्हती.

पहिलीच गिऱ्हाईक म्हणून माणिकबाई आली. आमच्या भजनी मंडळाची ती मोठी. ती घेईन तेच बाकीच्या घेतात. तिनं जंतूचं विचारलं. मी तोंड उघडाच्या आत पौर्णिमानंच सारं सांगितलं, मातीपासून वेलापर्यंत, कुठं अडखळली नाही. माणिकबाईनं ऐकून घेतलं, अन् मंग विचारलं की ते जंतूचं तेवढं वेगळं काढून देता येते का.

पौर्णिमा म्हणाली, "नाही काकू. ते आता वेगळं नाही राहिलं, रताळंच झालं. मी दुसऱ्या घरून आली, म्हणून का मले या घरातून वेगळं काढता येईन?"

दामिनी, ही पोरगी इतकी बोलते हे मले ठाऊकच नव्हतं. माणिकबाईनं पिशवी पुढं केली अन् म्हणाली की मोठे मोठे पाहून दे, मंडळाच्या फराळाले लागतात. मंग बाकीच्या बायाही घेत गेल्या, सारा माल संपला. महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशी घरच्या उपासाले सुद्धा मले शेजारून रताळी मागून आणा लागली.

आज सकाळी मामाजी मळ्यात गेले, विहिरीजवळच्या चांगल्या तुकड्यात उभे राहिले, अन् तिथूनच सुनेले हाक मारून विचारलं की इथं काय लावाचं.

मले त्याइनं सारा जन्म असं कधी विचारलं नाही. मी भाजी निवडत होती, तशीच निवडत राहिली, पण लई बरं वाटलं.

परीक्षा झाल्या की ये. भाषण पूर्ण ऐकू, मधे कोणी कापणार नाही.
तुही आत्या,
पार्वताबाई