हे डिपार्टमेंट माह्याकडं

२८ मे
बायकोले, प्रतीक्षाले, पोलीस भरतीत उतरायचं हाय. पोरगी चौदा महिन्यांची. दोन वर्षं दुसरं लेकरू नाही, असं ठरलं. म्हटलं, टेन्शन घेऊ नको, हे डिपार्टमेंट माह्याकडं. तिनं मले लय वेळ पाह्यलं. इम्प्रेस झाली असन.

३० मे
पंचफुला काकू आमच्या गावच्या आशाताई. निरोधची फुकटची पाकिटं मागितली. म्हणे, तुह्या दोस्ताच्या, देवानंदच्या, लग्नाच्या गाडीले याचेच फुगे कोणं बांधले होते बे? म्हटलं, तो मागच्या वर्षीचा धम्मरत्न. म्हणे, थोबाड तेच हाय. पाकिटं नाहीच देली. प्रतीक्षाले पाळणा लांबवाच्या छाया गोयांचा पत्ता देला. रविवारी एक, बुधवारी एक.

१ जून, रविवार
आईनं विचारलं, कशाच्या गोया? लगेच म्हटलं, कॅल्शिअमच्या. डोकं चालते आपलं.
अलार्म लावला. गाढवाचा आवाज. आता इसरून दाखवा.

८ जून
पत्त्यात आठ. प्रतीक्षाच्या दोन गेल्या. राह्यल्या तीन. आई म्हणे, गुडघा मोकया झाला, तीन दिवसांपासून रोज एक घेऊन राह्यली.
काकू आईले तपासाले घेऊन गेल्या. सगळं नॉर्मल. मले जे बोलल्या ते लिहत नाही. प्लॅन बरोबर होता, गुडघा मधात आला.

१३ जून
सरकारी बंद. आता प्रायव्हेट. गावातला मेडिकलवाला ओयखीचा, म्हणून जळगाव जामोदले गेलो. काउंटरवर औषध घ्याले आमचे शाळेतले उत्तमराव गुरुजी उभे. म्हणे, काय घेतो रे? म्हटलं, खोकला. खोकूनही दाखवला. दोन बाटल्या घेऊन आलो.
प्रतीक्षा घरी नव्हती. काकूसंगं बँकेत गेली म्हणे.

४ जुलै
डायरेक्ट बुलढाणा. सरकारी दवाखान्यात मॅडमनं सगळं समजावलं. पाकिटं देली. म्हणे, पुढं चालून पुरुषाचंही बिनटाक्याचं ऑपरेशन होते, विचार करजा. मले तेवढ्यात बस आठवली. बस दीड तासानं होती.
पाकिटं बसमध्येच राह्यली.

२० जुलै
नवीन मेथड. कॅलेंडरवर सेफ दिवसांच्या खुणा. प्रतीक्षा म्हणे, करा तुम्हाले जे करायचं ते. पुरा भरोसा बसला तिचा. देवानंदलेही खुणा करून देल्या. फ्री.

३० ऑगस्ट
काहीच गडबड नाही. मेथड पास. प्रतीक्षा रोज पहाटे ग्राउंडवर पळून राह्यली, माह्या जिवावर.

१२ सप्टेंबर
प्रतीक्षा म्हणे, गाडी काढा. आरोग्य केंद्रात नेलं. तिथं काकू आधीच बसून. प्रतीक्षानं पर्समधून कार्ड काढलं. अंतरा, तीन महिन्यांतून एक इंजेक्शन. पहिलं १३ जून. म्हणजे बँक ती. दुसरं आज.
म्हटलं, मले काऊन नाही सांगतलं? म्हणे, सांगतलं असतं तर तुम्ही अलार्म लावला असता. काकू अन् सिस्टर तोंडाले पदर लावून हासल्या.
पुढची तारीख डिसेंबरात. माह्याकडं फक्त गाडी.
घरी आलो तं देवानंदचे सात मिसकॉल. मंग मेसेज: बायकोची टेस्ट पॉझिटिव्ह, कुठं हायेस बे?
भिंतीवरचं कॅलेंडर काढून ठेवलं. फोनही बंद केला.