अकरा एक आणि एकही शून्य नाही

२ फेब्रुवारी १९९०
ठरलं. अकरा एक ओळीने लिहिले: १११११११११११. ही मूळ संख्या आहे. आतून वाटतंय. सिद्ध केली की कात्रपच काय, अख्खं बदलापूर भीमराव कोण ते विचारील. एक लाख पाच हजारपर्यंतच्या प्रत्येक मूळ संख्येने भागायचं, कुठेही बाकी शून्य येता कामा नये. मूळ संख्यांचं टेबल कॅम्प तीनच्या बाजारातल्या रद्दीवाल्याकडे मिळालं. दहा हजार भागाकार, रोज पंचवीस. कॅल्क्युलेटर बंद.

३ फेब्रुवारी
फॅक्टरीतून आल्यावर हात दुखतो. भागाकार अंजना करील. मुलगी नववीत आहे, सराव होईल. मी सुपरव्हिजन.

२० फेब्रुवारी
३३३१ला अंजनाने शून्य आणलं! वर हसत सांगते, पप्पा, भाग गेला. कानाखाली दिली. परत करायला लावलं, तर वजाबाकी चुकलेली. भिंतीवर कागद लावला: शून्य आलं की चूक तुझी. शिक्षा पन्नास भागाकार.

११ मे
तेव्हापासून एकही शून्य नाही. याला म्हणतात शिस्त. आज मात्र २१६४९च्या पानाला खोडरबराने भोक पाडलं. म्हणे पेन्सिल टोचली. गलिच्छ काम. वीस उठाबशा.

१२ जानेवारी १९९१
शाळेतून चिठ्ठी. अंजना वर्गात झोपते, दहावीचं वर्ष आहे. उलट कळवलं की घरी वरच्या दर्जाचं गणित चालू आहे. बायको म्हणाली, पोरीला आता तरी सोडा. गयाचं शिक्षण चौथी.

१२ मार्च
उद्या तिचा गणिताचा पेपर. शेवटचे पंचवीस आजच उरकून घेतले. सिद्ध झालं! मला रडू आलं. अंजना वहीवरच झोपली.

१४ एप्रिल
जयंतीला विहारात सत्कार. शाल मिळाली. वह्या टेबलावर मांडल्या होत्या. गणिताचे रिटायर्ड धर्मराज सर चाळता चाळता भोकाच्या पानावर थांबले. पिशवीतून बारा आकडी कॅल्क्युलेटर काढला. २१६४९ गुणिले ५१३२३९ बरोबर अकरा एक. बाकी शून्य. माइक चालू होता.

अंजनाला तिथेच विचारलं, शून्य का लपवलंस? म्हणाली, शून्य आलं की चूक माझी असते ना, पप्पा. सगळी वस्ती ऐकत होती. शालीची घडी मीच घालून टेबलावर ठेवली.

१५ एप्रिल
शांतपणे विचार केला. चूक अंजनाचीच. मेमध्येच बोलली असती तर माझे दहा महिने वाचले असते. आता तेरा एक घेतो. ती नक्की मूळ आहे.

२० जून
रिझल्ट. अंजना गणितात नापास. दहा हजार भागाकार करून! धर्मराज सरांनी तिला विचारलं. एका भागाकारात बाकी शून्य आली म्हणे. खोडली, परत केली, परत शून्य. वेळ संपेपर्यंत तेच करत बसली.

२१ जून
गया तिला घेऊन अंबरनाथला भावाकडे गेली. परत कधी ते सांगितलं नाही. जाताना भिंतीवरचा कागद फाडला. सकाळपासून जेवलो नाही. घर शांत आहे, कामाला बरं.

तेरा एकांचं काम स्वतःच सुरू केलं. तीनपासून सत्तेचाळीसपर्यंत सुरळीत. त्रेपन्नला शून्य आलं. हात दुखतो, चुकला असणार.

खोडलं. एक लिहिलं.