डबीची जीभ

२ मार्च, सोमवार

उद्या लोखंड कापणार!

कॉलेजच्या टूलरूममधल्या काकांनी आज पोलादाचा ठोकळा टेबलावर आणून ठेवला. माझ्या डबीचा साचा यातूनच निघणार. वितळलेलं प्लास्टिक त्यात दाबायचं, थंड झालं की डबी बाहेर. काका म्हणाले, "इंजिनियरबाई, कॉम्प्युटरवर हवं तेवढं पुसलंत. इथे खोडरबर नाही बरं का!" आणि स्वतःच हसले. मला कसलं हसू येतंय! कॉलेज प्रत्येकाला एकच ठोकळा देतं. चुकला की वर्ष गेलं.

डबी गोळ्यांची आहे. आत्यासाठी. संधिवाताने तिची बोटं पार वाकडी झाली आहेत, आणि हृदयाच्या गोळ्या तर रोजच्या. रोज कुणाला तरी हाक मारायची — "अगं, जरा उघडून दे ना." हाक मारताना तिचा चेहरा असा होतो की मला बघवत नाही. एके काळी आख्ख्या शाळेला धाकात ठेवणारी बाई! म्हणून मी झाकणाच्या पुढे एक जीभ ठेवली आहे. ती दाबली की खटका सुटतो आणि झाकण वर येतं. बोटांनी धरायला नको, ओढायला नको.

पण घरात चिमणी पण आहे. दादाची मुलगी, साडेतीन वर्षांची. मला 'आत्तू' म्हणते. हाताला लागेल ते तोंडात. सर पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "आत्यांना उघडता आली पाहिजे, पोरीला उघडता येता कामा नये. नाहीतर ती गोळ्यांची डबी नाही, खाऊचा डबा." वर्ग हसला. माझ्या डोक्यात मात्र ते वाक्य तेव्हापासून ठाण मांडून बसलंय. आत्याच्या दोन गोळ्या जरी चिमणीच्या पोटात गेल्या तर — नको. लिहीत पण नाही.

३ मार्च, मंगळवार

कापलं. बघायला थांबले नाही. बाहेर जाऊन जिन्यात बसले.

९ मार्च, सोमवार

पहिले नमुने आले. मशीन बंद होतं, सुस्कारा टाकतं, उघडतं — आणि टपकन डबी खाली! हातात घेतली तर गरम. एक क्षण इतका आनंद झाला की भीतीच विसरले. मग हलवली. झाकण उघडून लोंबायला लागलं.

काका शांत. "असंच हवं," म्हणाले. पहिल्यांदा खटका मुद्दाम लहान ठेवतात. साच्यातली खटक्याची खाच आणखी खोल केली की खटका मोठा होतो, झाकण घट्ट बसतं. पण एकदा खोल केलेली खाच उथळ होत नाही. कापलेलं लोखंड परत चिकटत नाही. म्हणून थोडं थोडं कापायचं, दर वेळी नमुना काढून बघायचा, आणि बरोबर वाटलं की हात आवरायचा. ते "बरोबर वाटलं की" कुणी ठरवायचं, तर मी!

१३ मार्च, शुक्रवार

दुसरे नमुने. आता छान 'टक्' आवाज येतो. घरी आणले.

चिमणीला रिकाम्या डबीत बिस्किटाचा तुकडा घालून दिला. मी तिच्यामागे अशी गुडघ्यांवर रांगत होते की वहिनी म्हणाली, "अगं, परीक्षा तिची आहे की तुझी?" चिमणीने डबी हलवली, जमिनीवर आपटली, तिच्यावर बसली, शेवटी कपाटाखाली फेकून दिली आणि बिस्किटासाठी भोकाड पसरलं. नाही उघडली! नाही उघडली!!

आत्या म्हणाली, "सगळे टकामका बघत असलात की माझा हात थरथरतो. मला एकटीला बघू दे." खोलीत गेली, चिमणी शेपटासारखी मागे. जरा वेळाने आली ती उघडी डबी घेऊनच. मी तिला मिठीच मारली. आत्या म्हणाली, "पुरे गं, बरगड्या मोडशील." तिने डबी परत द्यायला साफ नकार दिला. गोळ्या त्यातच भरल्या.

१४ मार्च, शनिवार

काल आनंद झाला आणि आज परत भीती. चिमणीला एकदा नाही जमलं म्हणून काय झालं? पोर रोज मोठी होते आहे.

१६ मार्च, सोमवार

सर डबीशी बराच वेळ खेळले. म्हणाले, "आणखी घट्ट कर. लहान मुलांच्या बाबतीत मला जर-तर नको." काका म्हणाले, "कापतो. पण ही शेवटची वेळ हं. आत्यांना जड गेली तर माझ्याकडे रडत यायचं नाही."

कापायचं की नाही, उद्यापर्यंत सांगायचं आहे. घरी येऊन आत्याला विचारलं, खरं सांग, उघडायला त्रास होतो का? "त्रास कसला? मस्त उघडते. कर घट्ट, खुशाल कर." चष्मा पुसत म्हणाली. माझ्याकडे बघितलं नाही. दमली असेल.

१७ मार्च, मंगळवार

कापा म्हणून सांगितलं.

१८ मार्च, बुधवार

शेवटचे नमुने. झाकण घट्ट बसलंय. नुसतं घट्ट नाही — जीभ दाबून दाबून माझाच अंगठा लाल झाला. वर्गातल्या लंबूने उघडली आणि म्हणाला, "तुझी आत्या कुस्ती खेळते का?" सगळे हसले. मी सोडून.

जुनी डबी काढून घेऊन आत्याला नवी दिली. ती खोलीत गेली, दार लोटलं. मी बाहेर उभी, अगदी निकालाची वाट बघावी तशी. 'टक्' ऐकू आलं! बाहेर येऊन हसत म्हणाली, "उघडते गं बाई."

माझा अंगठा दुखतो, मग तिचा कसा नाही? परत विचारायचं धाडस झालं नाही. ती "नाही" म्हणाली असती तर आता करण्यासारखं काय उरलंय? साचा झाला, खाच झाली. घाबरट आहे मी. तिच्या हसण्यावर विश्वास ठेवला, कारण ते सोयीचं होतं.

२० मार्च, शुक्रवार

परीक्षक तिघे. एका बाईंनी डबी उघडायचा प्रयत्न केला, जमेना. विचारलं, "खरंच वापरतात तुमच्या आत्या?" म्हटलं, रोज. स्वतःच्या हाताने. माझा आवाज मलाच परका वाटला.

पास! सरांनी पाठ थोपटली. काका म्हणाले, "आता तरी नीट जेवा." घरी सगळ्यांना सांगितलं. आत्याचे डोळे भरून आले. आज पहिल्यांदा वाटतंय, संपलं सगळं. सुटले.

२१ मार्च, शनिवार

लवकर घरी आले. आत्याच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. डबी जमिनीवर, जिभेवर चिमणीची टाच. आत्या पलंगावरून हळूच सांगत होती, "रोजच्यासारखी. सगळा भार दे... हं!" टक्. "शाब्बास माझी सोनी! आत्तूला सांगायचं नाही हं, किती खपलीये बिचारी. आण आता इकडे."

चिमणीने उघडी डबी उचलली, आत्याकडे बघून हसली, आणि पाठीमागे लपवली.