कासियानोचं कोनफळ

ग्वाम, ३ मार्च १९७४
ती. उलिनाआजीस,
दामियनचा सा. न. वि. वि.
मी बरा आहे; तुझ्या हातचा भाजलेला नीरफणस मात्र रोज आठवतो. कॉलेजसाठी आपल्या पोनपे बेटाची माहिती लिहितोय. कडेनं खारफुटी, मधे डोंगर, बाराही महिने पाऊस, एवढं झालं. विमानातून काढलेल्या फोटोत आपल्या ओढ्याच्या दुसऱ्या धबधब्यावर, दाट रानात, एक उजळ ठिपका दिसतो. वेल असावी. माझ्या नकाशावर तिथं मी ‘वस्ती नाही’ लिहिलंय. त्या जागेचं नाव कळव.
आहे ती माया आटू देऊ नकोस.

कित्ती, पोनपे, २० मार्च
चि. दामियन यास अनेक आशीर्वाद.
आपल्या बेटाची माहिती लिहायला ग्वाम गाठलंस, शाबास! पाऊस लिहिलास, कपडे वाळत नाहीत ते कोण लिहिणार?
तुझा आजा कासियानो वर कुठंतरी कोनफळ वाढवायचा. सरदाराला नजर करायला सगळेच पुरुष चोरून वाढवतात. कुठं, ते बायकोलाही सांगत नाहीत, आणि दुसऱ्याच्या कोनफळाकडे बघणं म्हणजे त्याच्या ताटात डोकावणं. तुझ्या आईला दात येत होते, तेव्हा तो कोयता घेऊन वर गेला, तो आलाच नाही. गाव म्हणालं, खणत असेल, मागावर गेलो तर लाज जाईल. मीही तेच म्हणाले. पाचव्या दिवशी शोधायला निघालो, तोवर पावसानं वाट धुतली होती.
चाळीस वर्षं झाली. ओढा गढूळला की वाटतं, वर कुणी खणतंय.
दुसरा धबधबा म्हणालास ना? तुझ्या मामाला घेऊन जाते. लाज आता कुणाची राहिलीय?
जेवत जा.

कित्ती, २ एप्रिल
चि. दामियन यास आशीर्वाद.
गुडघे मोडले, पण पोचले. वेल तीन झाडं चढलीय. तुझ्या आजाचा कोयता एका खोडात रुतलेला. झाडानं पातं गिळलंय, मूठ तेवढी बाहेर. खालचा खड्डा ढासळून बुजलेला. मामानं मातीत खांद्यापर्यंत हात घातला, कोनफळाचा शेवट लागेना. म्हणाला, उचलायला बारा माणसं लागतील, सरदार खूश होईल. मी म्हटलं, बापाच्या उरावरून उचलणार? त्यानं हात काढून घेतला.
मी कासियानोला म्हटलं, उशीर झाला रे. उत्तर नाही. जिवंतपणी तरी कुठं द्यायचा!
एक मात्र मामाला दाखवलं नाही. चाळीस वर्षं तिथं कुणी गेलं नाही, पण वेलीच्या बुंध्याभोवती एक तण नाही. माती भुसभुशीत, हातानं सारखी केलेली.
म्हातारीवर लोभ ठेव, सुट्टीत ये.
उलिना

ता. क. जागेचं नाव लिहू नकोस, वाट दाखवू नकोस. ‘वस्ती नाही’ लिहिलंयस, तेवढं खोड.