शेजारची सीट

९ जानेवारी

‘टोटल लॉस!’ भावजी दारातूनच ओरडले. मी दचकले. वाटलं, माझ्याबद्दलच बोलतायत.

गाडीबद्दल होतं. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीच्या जवळ जायला लागला की विमा कंपनी दुरुस्तीच्या भानगडीत पडत नाही. गाडी संपली असं धरते आणि भरपाई देऊन मोकळी होते. भावजी, म्हणजे नवऱ्याचा धाकटा भाऊ, विमा एजंट. घरातल्या सगळ्या पॉलिस्या त्यांनीच काढलेल्या. आणि आम्ही? एकीचंही पान उलटून पाहिलेलं नाही.

परवा हॉस्पिटलमधून सोडलं. बरगड्या मोडल्यात, डोक्याला टाके, छातीला आवळून पट्टा. शिंकायची चोरी! दातांच्या लॅबला रजा. माझ्या अर्धवट कवळ्या आता कोण घासतंय देव जाणे.

अपघाताचं काहीच आठवत नाही. सकाळी कवळ्यांचे डबे घेऊन डोंगरापलीकडच्या दवाखान्यात निघाले होते. पंपावर पेट्रोल भरायला थांबले. आणि मग एकदम हॉस्पिटलचं छत. मधलं कोणीतरी कात्रीने कापून नेलंय. डॉक्टर म्हणतात, येईल परत, नाही तर येणारही नाही. वा! फी घेऊन हे सांगतात.

१० जानेवारी

पडल्या पडल्या करायचं काय? भावजींची शिकवणी लावली.

आयडीव्ही— हे एक मला नेहमी रोगाचं नाव वाटायचं. गाडीची विम्यापुरती धरलेली किंमत. दरवर्षी उतरते. गाडी पार गेली किंवा चोरीला गेली तर कंपनी जास्तीत जास्त तेवढंच देणार. ‘म्हणजे वहिनी, आपण म्हातारे होतो तशीच ती. फक्त तिचं कागदावर लिहितात.’

ओन डॅमेज— आपल्या स्वतःच्या गाडीचं नुकसान. हे वेगळं घ्यावं लागतं. भावजींनी गळ घातली म्हणून घेतलेलं, आज त्यावरून दोनदा ऐकवून झालं.

थर्ड पार्टी— याचा अर्थ इतकी वर्षं मला ‘तिसऱ्या दर्जाचं काहीतरी’ असा वाटत होता! भावजी हसून हसून खोकायला लागले. ‘अहो, पहिली पार्टी तुम्ही, दुसरी कंपनी. तिसरं म्हणजे उरलेलं अख्खं जग. तुमच्या गाडीमुळे ज्याला लागलं तो.’

‘माझ्या गाडीमुळे कोणाला नाही लागलं,’ मी म्हटलं. ‘कठडा सोडून.’

‘नशीब!’ ते म्हणाले.

१२ जानेवारी

आज सर्व्हेअर आला होता. कंपनीतर्फे नुकसान बघणारा माणूस. खालच्या आवाजात बोलतो, बूट दाराबाहेर अगदी जुळवून ठेवतो. गाडी आधीच बघून आला होता. नवरा कामावर, भावजी शेजारी बसलेले.

वेग किती, झोप लागली होती का, समोरून कोणी आलं का— सगळ्याला माझं एकच उत्तर. आठवत नाही.

मग कागद मिटवत सहज विचारल्यासारखं म्हणाला, ‘शेजारी कोण होतं?’

‘कोणी नाही. एकटीच होते.’

त्याने मिटलेला कागद परत उघडला. ‘ताई, शेजारच्या सीटचा बेल्ट लावलेला होता.’

मी म्हटलं, मी डबे ठेवते तिथे. त्यांनाच लावला असेल.

‘डबे मागच्या सीटखाली सापडले.’ मग त्याने शांतपणे समजावलं. जोरात आदळलं की लावलेला बेल्ट खटकन ओढला जातो, तिथेच जाम होतो, मग परत आत गुंडाळला जात नाही. दोन्ही बेल्ट तसेच लोंबतायत. माणसाच्या अंगाएवढे बाहेर आलेले. आणि दोन्ही बकलं नंतर हाताने सोडवलेली.

‘मोडून नाही?’ भावजींनी विचारलं.

‘नाही. बटण दाबून.’

जाताना बूट घालता घालता परत वळला. ‘आठवलं तर सांगा. घाई नाही.’

घाई कशी नाही?

१३ जानेवारी

मी एकटीच होते. मी एकटीच होते. घरातून एकटीच निघाले, हे नवऱ्याने पाहिलंय.

१५ जानेवारी

नवऱ्याला भावजींनीच सांगितलं. पोटात काही राहत नाही त्यांच्या.

रात्री जेवण झालं. मग ताट उचलताना, माझ्याकडे न बघता— ‘कोण होतं गं?’

‘माहीत नाही.’

‘माहीत नाही, की सांगायचं नाही?’

इतक्या वर्षांच्या संसारात त्याने मला असा प्रश्न कधी विचारला नव्हता. मला राग यायला हवा होता. आलाच नाही. कारण त्याच्या जागी मी असते तर मीही हेच विचारलं असतं! मी म्हटलं, ‘तुला वाटतंय तसलं काही असतं, तर बरं झालं असतं रे. निदान कोण ते मला कळलं असतं.’

तो ताट तसंच हातात धरून उभा राहिला. मग माझ्याजवळ येऊन बसला. म्हणाला, ‘हात बघ किती गार पडलेत तुझे.’

१६ जानेवारी

आज दुपारी घरात मी एकटी. चहा केला. बाहेर घेऊन आले तर हातात ट्रे, ट्रेमध्ये दोन कप.

दुसरा कप मी कधी भरला?

खुर्चीसमोर ठेवून तो गार होईपर्यंत बघत बसले. ओतून द्यायचा धीर होईना.

१७ जानेवारी

मला उचलून हॉस्पिटलात नेणाऱ्या ट्रकवाल्याचा नंबर नवऱ्याकडे होता. आभार मानायचे राहिलेच होते, त्या निमित्ताने फोन केला.

भला माणूस. ‘बरं वाटतंय ना ताई? मी तर घरी सांगितलं होतं, बाई काही वाचत नाही!’ असा भला.

मी कुठे होते, विचारलं. गाडीत नव्हते म्हणे. गाडी कठडा फोडून अर्धी बाहेर, पुढचे दोन्ही दरवाजे सताड उघडे. मी रस्त्याच्या कडेला, दगडाला पाठ टेकून बसलेले. पाय नीट सरळ केलेले.

‘आणखी कोणी होतं का हो तिथे?’

‘कोणी नव्हतं. पण तुम्ही सारखं एकच विचारत होतात.’

‘काय?’

‘ती गेली का, ती गेली का. मी म्हटलं, कोण? तर डोळे मिटलेत.’

फोन नवऱ्याच्या हातात देऊन मी भिंतीला टेकले. ती! म्हणजे बाई होती. आणि गेली का, म्हणजे— तिथे कठड्याखाली सरळ दरी आहे.

१८ जानेवारी

भावजी आज विनोद करत नव्हते. पॉलिसी वाचून दाखवली. मालक स्वतः गाडी चालवत असेल तर त्याच्या जिवाचा वेगळा विमा असतो, तो माझा आहे. आणि वर थोडे पैसे भरून आणखी एक घेतलेला— ‘अनामिक प्रवासी’.

‘म्हणजे?’

‘गाडीत बसलेलं कोणीही. नाव आधी सांगावं लागत नाही. मेलं किंवा अपंग झालं तर...’

अनामिक! कोणाची तरी आई असेल. कोणाची मुलगी. घरी वाट बघत असतील. आणि मी इथे उशीला टेकून शब्दांचे अर्थ पाठ करतेय.

२० जानेवारी

मीच हट्ट धरला. पोलीस, नवरा, मी. त्या वळणावर गेलो.

कठड्याला तात्पुरत्या पट्ट्या बांधल्यात. काचेचा चुरा अजून चमकतो. दोरांवरून माणसं खाली उतरली, मी वर उभी. उन्हं चांगली होती, वारा नव्हता, खालून त्यांच्या बोलण्याचा शब्द न् शब्द ऐकू येत होता. ‘इथे नाही.’ ‘तिकडे झुडपात बघ.’ ‘नाही.’

प्रत्येक ‘नाही’ला सुटल्यासारखं वाटायचं, आणि लगेच मी पुढच्या शब्दाला कान लावायचे.

काही मिळालं नाही. चप्पल नाही, चिंधी नाही, रक्ताचा डाग नाही. हवालदार म्हणाला, ‘बाई, पडली असती तर इथेच सापडली असती. दरीला काय पाय आहेत?’ आसपासच्या हॉस्पिटलांतही विचारलं. बेवारस कोणी नाही. हरवल्याची तक्रार नाही.

मग ती आहे कुठे?

२१ जानेवारी

एक वाक्य आठवलं. नुसता आवाज. बाईचा, जाडसर, अगदी कानाजवळ. ‘तू डोळे मिट. मी आहे ना.’

त्या आवाजाची भीती वाटत नाही, हीच भीती.

२४ जानेवारी

पेट्रोल पंपावर गेलो. तिथे काम करणारी बाई मला बघून एकदम खूश झाली. ‘अगं बाई, तुम्ही होय! डोकं दुखत होतं ना तुमचं? गोळी दिली होती मी.’

डोकं दुखत होतं. अर्धशिशी! मला हेही आठवत नव्हतं.

‘माझ्याबरोबर कोणी होतं का?’

‘होती की! उंच, राखाडी कोटातली. तुमची बहीण ना? तुम्ही आत तोंड धूत होतात तेव्हा ती गाडीला टेकून उभी होती. मी म्हटलंसुद्धा, बहिणीची काळजी घ्या. ती हसली.’

मला बहीण नाही.

कॅमेरा होता, पण जुनं पुसलं जातं म्हणे. तिथून घरापर्यंत नवऱ्याने माझा हात सोडला नाही. आता तोही घाबरलाय. दाराची कडी दोनदा बघतो.

२७ जानेवारी

जबाब दिला. भावजींनी परोपरीने समजावलं. ‘वहिनी, उगाच हात दाखवून अवलक्षण कशाला? नाव नाही, गाव नाही, बॉडी नाही. गाडीत आणखी कोणी होतं म्हणालात की चौकशी लांबणार, क्लेम लटकणार. आणि उद्या ती मेलेली निघाली तर बेदरकारपणे चालवल्याचा ठपका तुमच्यावर.’

मी म्हटलं, ‘मेली असेल तर कोणीतरी ठपका घ्यायला नको?’

त्यांनी कागद गोळा केले. मग स्वतःच मला कंपनीच्या ऑफिसात घेऊन गेले, जिना चढताना आधार दिला.

सर्व्हेअरसमोर बसून सांगितलं. गाडी मी चालवत होते. शेजारी एक अनोळखी बाई होती. बहुतेक मीच तिला गाडीत घेतलं. तिचं काय झालं मला माहीत नाही. मी शुद्धीवर आल्यावर तिचं नावही काढलं नाही. खाली सही केली.

त्याने सही वाळेपर्यंत कागदाकडे बघितलं. म्हणाला, ‘एवढं कोणी सांगत नाही, ताई.’ मला ते कौतुक नको होतं. मला कोणीतरी रागावायला हवं होतं.

३ फेब्रुवारी

छातीचा पट्टा निघाला. मोकळा श्वास! तिरका वळ अजून हिरवापिवळा आहे, कपड्याच्या शिवणीनेही ठणकतो. डॉक्टर म्हणाले, बेल्टचा आहे, त्याचेच उपकार माना.

संध्याकाळच्या आत भंगारवाल्याकडे जाऊन आलो. सॅल्व्हेज म्हणतात— गाडीचं जे काही उरलं ते. कंपनी त्याला देणार, तो तोडून विकणार. मला एकदा बघायची होती. भंगारवाला म्हणाला, ‘बघा बघा, रडू नका मात्र. इथे सगळेच रडतात, माझे पत्रे गंजतात!’

शेजारच्या सीटपाशी गेले. बेल्ट लोंबत होता. सीटवर हात ठेवला आणि हळूच म्हटलं, ‘मला माफ करा.’ नवऱ्याने ऐकलं. तोंड फिरवलं त्याने.

१० फेब्रुवारी

क्लेम मंजूर! माझ्यापुरता, गाडीपुरता. प्रवाशाचं प्रकरण उघडं ठेवलंय. भावजींनी ओळखीतून एक जुनी गाडी मिळवली, नव्यासारखी. ‘वहिनी, आता तुम्हीच पॉलिसी वाचा आणि मला समजावा.’ कितीतरी दिवसांनी घरात सगळे हसलो.

उद्या चालवून बघायची. भीती वाटतेय. पण बघायची.

११ फेब्रुवारी

ड्रायव्हरच्या जागी बसले. नवरा शेजारी. दात आवळून बेल्ट ओढला, आता वळ ठणकणार म्हणून. उजव्या खांद्यावरून आला, डाव्या कमरेशी अडकला.

कुठेच दुखलं नाही.

माझा वळ डाव्या खांद्यावर सुरू होतो.

याला म्हटलं, उतर. त्याच्या सीटवर बसले, तिथला बेल्ट लावला. अख्ख्या वळावर बोट ठेवल्यासारखा बसला. डोळ्यांत पाणी आलं, इतका ठणकला.

म्हणजे गाडी मी चालवत नव्हते. दरीत जिला शोधलं, जिची माफी मागितली, ती शेजारची बाई मीच.

मग मी गाडी कोणाच्या हातात दिली होती?