सातव्या ओळीतले दोन लाल मणी

३ नोव्हेंबर १९६४, गुर्ना, इजिप्त

मेण! पुन्हा मेण! थडग्यातला मण्यांचा हार शाझलीने वितळलेलं मेण ओतून उचललाय. हा आमचा रईस, म्हणजे मुकादम! आता मेण काढता काढता माझी बोटं सोलून निघणार. वर मलाच म्हणतो, "पोरी, आजोबांपासून आम्ही असंच उचलतो. एक मणी हलत नाही." पोरी म्हणे! कैरोच्या दोन पदव्या आहेत मला.

५ नोव्हेंबर

सहा ओळी झाल्या. निळा, निळा, लाल — निळा, निळा, लाल. बोट लागताच जुन्या दोऱ्याचं पीठ होतं, म्हणून नव्यात ओवतेय. आणि सातव्या ओळीत मधोमध दोन लाल, शेजारी शेजारी! म्हाताऱ्याने मणी सांडले आणि हाताला लागले तसे बसवले. दुसरं काय?

विचारलं. चहात चौथा चमचा साखर ढवळत म्हणाला, "होतं तसंच आहे. सांडले असते तर सांगितलं असतं." चोराच्या उलट्या बोंबा! सगळ्या मजुरांसमोर सुनावलं — सुईचं नेढं दिसत नसेल तर घरी बसा. कोणी हसलं नाही. नाही तर नाही.

६ नोव्हेंबर

शुक्रवार, सुट्टी. तक्रार लिहिली. दोन पानं. हात जराही थांबला नाही.

९ नोव्हेंबर

पुरातत्त्व खात्याच्या इन्स्पेक्टरसाहेबांनी त्याला काढलं. एकतीस वर्षांची नोकरी होती म्हणे. असेल. कोठाराची किल्ली माझ्या टेबलावर ठेवून म्हणाला, "उचलण्याआधीचा फोटो कैरोहून येऊ द्या, डॉक्टरबाई."

डॉक्टरबाई! नोकरी गेल्यावर का होईना, अक्कल आली.

१२ नोव्हेंबर

सातवी ओळ नीट ओवली. निळा, निळा, लाल. हार काय देखणा दिसतोय! जुन्या दोऱ्याचं पीठ झाडून टाकलं. नोंदपत्रकात लिहिलं — 'उचलताना झालेली चूक दुरुस्त केली.' खाली माझी सही.

१५ नोव्हेंबर

मजूर माझ्याशी बोलत नाहीत. चहाही आणत नाहीत. गेले उडत.

२१ नोव्हेंबर

फोटो आले. भिंग लावून तीनदा पाहिलं. हार मातीतच आहे, मेणाचा थेंबही नाही. सातवी ओळ, मधोमध — दोन लाल, शेजारी शेजारी.

तीन हजार वर्षांपूर्वी ओवणाऱ्याचा हात चुकला होता. रईस शाझलींनी ती चूक जशीच्या तशी उचलून माझ्या हातात दिली. मी ती मोडली.

त्यांचं घर कुठे आहे, तेही मला माहीत नाही. आणि विचारू कोणाला?